झेरॉक्सचं दुकान आणि ६३१ नंबरचा पोर्ट

सप्टेंबर २०२४ च्या शेवटी लिनक्सवाल्यांमध्ये, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांमध्ये, एकच चर्चा होती. सिमोन मार्गारिटेली नावाच्या संशोधकाने आधीच इशारा दिला होता, की धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी ९.९ गुणांची एक भयंकर सुरक्षा-त्रुटी बाहेर येणार आहे. २६ तारखेला तपशील आले तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती. निघालं काय, तर कप्स, म्हणजे लिनक्सवर प्रिंट काढणारी यंत्रणा. बऱ्याच जणांनी "एवढंच?" म्हणून नाक मुरडलं. घरच्या लॅपटॉपपुरतं ते खरंही होतं. मला मात्र दादाच्या दुकानाची काळजी लागली.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. नागपुरात अमरावती रोडवर विद्यापीठाच्या कॅम्पसजवळ त्याचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, मीच टाकून दिलंय, त्यामुळे काही अडलं की फोन मलाच येतो.

भानगड अशी होती. बऱ्याच लिनक्स मशीनवर कप्सच्या जोडीला कप्स-ब्राउज्ड नावाची एक सेवा चालू असते. नेटवर्कवर नवा प्रिंटर दिसला की त्याला आपोआप यादीत घ्यायचं, हे तिचं काम. तेव्हा ती ६३१ नंबरच्या यूडीपी पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरून निरोप आत यायच्या एका दारावर, कान लावून बसायची आणि "मी प्रिंटर आहे, माझी माहिती अमुक पत्त्यावर आहे" असं कुणीही सांगितलं तरी विश्वास ठेवायची. कोण, कुठला, काही विचारणं नाही. मग ती स्वतःहून त्या पत्त्यावर जाऊन माहिती आणायची. ती माहिती न तपासता पीपीडी फाइलमध्ये, म्हणजे प्रिंटरची वैशिष्ट्यं सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहिली जायची, आणि त्या फाइलमध्ये प्रिंट काढताना चालवायची कमांडही देता येते. पुढे त्या खोट्या प्रिंटरवर कुणी प्रिंट दिली, की हल्लेखोराची कमांड आपल्या मशीनवर चालली. अशा चार वेगवेगळ्या त्रुटी एकमेकींना जोडून हा हल्ला होत होता.

"कुणीतरी प्रिंट द्यावी लागते, म्हणून धोका कमी" असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर दुसरं काय चालतं? घरातलं राउटर बाहेरून येणारी डेटाची पाकिटं अडवतं, हेही खरं. पण दादाच्या दुकानात वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला! पोरं येतात, वायफाय जोडतात, व्हॉट्सअॅपवर प्रोजेक्ट पाठवतात. म्हणजे अनोळखी माणूस आधीच आतल्या नेटवर्कवर.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला पोहोचलो. आधी एसएस कमांडने कोणती सेवा कुठल्या पोर्टवर ऐकतेय ते पाहिलं. कप्सची मुख्य सेवा १२७.०.०.१ वर होती, म्हणजे तिच्याशी फक्त त्याच मशीनला बोलता येणार. तिथे ठीक. यूडीपीच्या ओळीत मात्र ०.०.०.० आणि पुढे ६३१, म्हणजे येईल त्याचं ऐकायला तयार. दुकानातल्या सगळ्या उबुंटूवर हेच चित्र. मग एलपीस्टॅट कमांडने प्रिंटरांची यादी काढली, आधीच कुणी घुसलंय का बघायला. एक अनोळखी नाव दिसलं आणि पोटात गोळा आला. विचारलं तर दादा हसला, "अरे तो भंगारात दिला ना बे मागच्या वर्षी!" जुन्या प्रिंटरची नोंद तशीच राहिली होती. ती काढून टाकली.

कप्स-ब्राउज्ड थांबवलं, आणि मशीन परत चालू केल्यावर ते उठू नये म्हणून डिसेबलही केलं. दोन ओळींचं काम. खरी कटकट पुढे सुरू झाली. वायफायवरच्या लेझर प्रिंटरचं नेहमीचं नाव यादीतून गायब. तो आम्ही कधी हाताने जोडलाच नव्हता, याच सेवेने जोडून ठेवला होता.

"काय करून राहिला बे तू? दीक्षाभूमीच्या स्टॉलवाल्याची पुस्तकांची यादी द्यायची आहे बारापर्यंत."

धम्मचक्र प्रवर्तन दिन १२ ऑक्टोबरला होता, त्यामुळे अशी कामं रोज येत होती. त्या दिवसांत दादाचा प्रिंटर बंद पाडणं म्हणजे नात्यावर बेतायचं. आधी राउटरमध्ये जाऊन प्रिंटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, कायमचा बांधून दिला, नाहीतर चार दिवसांनी तो बदलतो आणि पुन्हा बोंब. मग प्रत्येक मशीनवर त्या पत्त्यावरून प्रिंटर हाताने जोडला, आयपीपी एव्हरीव्हेअर पद्धतीने, म्हणजे वेगळा ड्रायव्हर शोधायचं काम नाही. डीफॉल्ट म्हणून त्यालाच लावलं. चाचणीचं पान निघालं तसा दादा खुर्चीवर टेकला.

अपडेटला मात्र काहीच त्रास झाला नाही. उबुंटूने तपशील बाहेर आले त्याच दिवशी दुरुस्त्या दिल्या होत्या. उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीच्या मशीन अपडेट केल्या, कप्स रीस्टार्ट केलं, संपलं. त्या अपडेटने प्रिंटर शोधायची जुनी, कुणावरही विश्वास ठेवणारी पद्धतच बंद केली. तरी मी कप्स-ब्राउज्ड पुन्हा चालू केलं नाही. ज्या दुकानात प्रिंटर जागचा हलत नाही, तिथे नवे प्रिंटर शोधणारी सेवा हवी कशाला? कोपऱ्यातली एक मशीन अजून १८.०४ या जुन्या आवृत्तीवर होती. तिचे नेहमीचे अपडेट २०२३ मध्येच संपलेत, म्हणून तिच्यावरून कप्स-ब्राउज्डचं पॅकेजच काढून टाकलं आणि फायरवॉलमध्ये, म्हणजे नको ते निरोप अडवणाऱ्या यंत्रणेत, ६३१ यूडीपी अडवला.

शेवटचा मुद्दा वायफायचा. दादा म्हणे, "पासवर्ड काढला तर पोरं फाइल कशी पाठवतील?" राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय होती, ती चालू केली. त्यावर इंटरनेट मिळतं, पण दुकानातल्या मशीन आणि प्रिंटर दिसत नाहीत. व्हॉट्सअॅपला तेवढं पुरतं. माझा फोन गेस्टवर जोडून प्रिंटरचा पत्ता उघडून पाहिला, पान आलं नाही. मूळ नेटवर्कचा पासवर्ड बदलून तो फक्त दादाला आणि कामावरच्या पोराला सांगितला, आणि भिंतीवरच्या कागदावर गेस्टचा पासवर्ड मोठ्या अक्षरात छापून लावला. तो कागद हाताने जोडलेल्या प्रिंटरवरच काढला.