तार तुटली की थांबायचं

"अण्णा, तेवढ्याच पैशात सनरूफ येतंय, हा एवढा स्क्रीन येतोय. तुम्ही अजून इनोव्हालाच काय चिकटून बसलाय?" ट्रॅव्हल्सच्या धंद्यात महिन्याकाठी दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. कधी गाडी घ्यायला निघालेला भाचा विचारतो, कधी तिरुपतीच्या वाटेवर मधल्या सीटवरचे काका. त्याला जोडून दुसरा येतोच: "टोयोटा खरंच मरत नाही का हो?"

मरते. मी स्वतः एक मारलीय. ते सांगतोच, पण तुम्ही विचारलंत म्हणून जरा मागून सुरुवात करतो. मागून म्हणजे अक्षरशः मागापासून.

आम्ही इचलकरंजीचे. वडिलांचे आठ साधे माग होते, घराला लागूनच शेड. त्या खडखडाटात वाढलेली माणसं फोनवरही ओरडूनच बोलतात, मीही. साध्या मागावर बाण्याचं, म्हणजे आडवं सूत तुटलं तर माग थांबतो. तिथे एक छोटा काटा असतो, त्याला सूत लागलं नाही की माग बंद. पण ताण्यातली, म्हणजे उभ्या धाग्यांतली एखादी तार तुटली तर मागाला पत्ताच नसतो. तो बापडा विणतच राहतो. चार माग सांभाळणारा कामगार चहाला जाऊन आला, की तेवढ्या कापडात उभी रेघ पडलेली. वडील संध्याकाळी कापड उजेडासमोर धरायचे, रेघ दिसली की खडूने खूण करायचे आणि काही बोलायचे नाहीत. बोलायचा तो व्यापारी, पैसे कापताना.

त्यामुळे जपानातल्या साकिची टोयोडाची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला तो माणूस आमच्याच पेठेतला वाटला. 1867 चा जन्म, सुताराचा मुलगा. आई आणि गावातल्या बायका हातमागावर राबताना बघून याने माग सुधारायचा ध्यास घेतला. 1896 मध्ये त्याने यंत्रमाग केला, तोही बाण्याचं सूत तुटलं की आपणहून थांबणारा. मग पुढची पंचवीस-तीस वर्षं त्याच एका गोष्टीमागे. 1924 चा त्याचा जी टाइप माग ताण्यातली तार तुटली तरी थांबायचा, आणि धोट्यातलं, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या नळीतलं, सूत संपत आलं की न थांबता धोटा बदलायचा. एक कामगार तीसहून जास्त माग बघू लागला. आमच्याकडे चार बघताना घाम फुटायचा! 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने, मुंबईच्या जुन्या गिरण्यांत ज्यांची यंत्रं असायची त्यांनीच, या मागाचे हक्क घेतले. ठरलेली रक्कम एक लाख पौंड.

मला या सगळ्यात धोट्यापेक्षा ते थांबणं मोठं वाटतं. बिघडलेला माल जोरात काढण्यापेक्षा यंत्राने गप्प उभं राहावं, हे मागवाल्याच्या पोटावर येणारं आहे. मागाचा आवाज बंद म्हणजे कमाई बंद, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलोय. साकिचीने ते उलटं करून दाखवलं. कंपनीत त्याला 'जिदोका' म्हणतात. 'आपोआप' अर्थाच्या नेहमीच्या शब्दातल्या एका अक्षराला त्यांनी माणसाची खूण जोडून तो लिहिला. यंत्र आपोआप चालतं, पण डोकं माणसाचं.

मोटारी काढल्या त्या त्याच्या मुलाने, किइचिरोने. मागाच्या कारखान्यातच 1933 मध्ये मोटारींचं खातं निघालं आणि 1937 मध्ये वेगळी कंपनी झाली. टोयोडाचं टोयोटा कसं झालं? जपानी लिपीत टोयोटा आठ फटकाऱ्यांत लिहिता येतं आणि आठ हा तिकडे शुभ आकडा. नावात अक्षर घालणारे-काढणारे फक्त आपल्याकडेच असतात असं नाही.

आता ज्याला 'न मरणारी गाडी' म्हणतात तिचा पूर्वज ऐका. 1935 मध्ये त्यांनी जी-वन नावाचा ट्रक केला. लोकांना दाखवायला टोकियोकडे नेत होते, तर वाटेतच स्टिअरिंगचा एक भाग मोडला. पुढेही ते ट्रक सारखे बंद पडायचे. नंतर 1957-58 मध्ये क्राउन नावाची मोटार घेऊन हे अमेरिकेत गेले. जपानच्या रस्त्यांवर ठीक चालणारी ती गाडी तिथल्या हायवेवर वेग घेतला की थरथरायची, तापायची. 1958 या सबंध वर्षात अमेरिकेत त्यांच्या 288 गाड्या खपल्या, त्यातली एक लँड क्रूझर. दोन-तीन वर्षांत मोटार परत घेऊन यावं लागलं. मध्ये 1950 साली तर कंपनी बुडायलाच आली होती. कामगार कपात, संप, आणि किइचिरोचा राजीनामा. त्याच जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याने ट्रकांच्या ऑर्डरी दिल्या आणि कंपनी तरली. नशीब म्हणतात ते हेच. हा भाग जाहिरातीत कुणी सांगत नाही.

मग सुधारणा कुठून आली? त्याच मागातून. ताइइची ओनो नावाचा माणूस आधी टोयोडांच्या कापड गिरणीत होता, तो मोटारींच्या कारखान्यात आला. त्याने तीच शिस्त माणसांना लावली. लाइनवर गाड्या पुढे सरकत असतात आणि कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते. बोल्ट नीट बसला नाही, भाग वाकडा आला, की दोरी ओढायची. वर बोर्डावर दिवा लागतो. त्याला 'अँडॉन' म्हणतात, मूळ अर्थ कंदील. वरिष्ठ माणूस धावत येतो. ठरलेल्या जागेपर्यंत निपटलं तर ठीक, नाहीतर लाइन उभी. मग 'का' विचारायचं, एकदा नाही, पाच वेळा. बोल्ट ढिला का? पाना सुटतो म्हणून. पाना का सुटतो? असं मुळापर्यंत. दोरी ओढणाऱ्याला शिव्या बसत नाहीत, हे यातलं खरं अवघड काम. आमच्या शेडमध्ये माग बंद करणाऱ्याकडे जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, ज्या नजरेने बघायचा ती मला अजून आठवते.

आपल्याकडे हे लोक आले तेही सुताच्याच वाटेने. 1995 मध्ये विक्रम किर्लोस्करांनी टोयोडांबरोबर सूतकताईची यंत्रं करायचा कारखाना काढला, तिथून ओळख वाढली आणि 1997 मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर झाली. कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला. विक्रमराव हे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पणतू. किर्लोस्करवाडी आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, म्हणून जरा जास्तच आपुलकी. गंमत बघा, लक्ष्मणराव 1869 चे, साकिची 1867 चा. एक लोखंडी नांगर घेऊन शेतकऱ्यांची समजूत काढत होता, दुसरा माग घेऊन. विक्रमराव नोव्हेंबर 2022 मध्ये नव्या इनोव्हा हायक्रॉसच्या अनावरणाला हजर होते, चारच दिवसांनी गेले.

2000 साली टोयोटाची क्वालिस आली तेव्हा आमच्याकडे लोक हसले होते. डबा आहे म्हणाले. इंडोनेशियात चालून जुनी झालेली गाडी इथे आणलीय, असंही म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण ट्रॅव्हल्सवाल्याला तेच पाहिजे असतं. दुसऱ्या देशात लाखो किलोमीटर मळलेली गाडी, काय बिघडतं ते आधीच कळलेलं. 2005 मध्ये तिच्या जागी इनोव्हा आली. अडीच लिटरचं डिझेल इंजिन आणि त्यातून काढलेली ताकद 102 अश्वशक्ती. तेवढ्याच इंजिनातून दुसरा कुणी कितीतरी जास्त पिळून काढेल. यांनी नाही काढली. बैलाला रोज पोटापुरतंच जुंपलं तर तो जास्त वर्षं जगतो. खाली ट्रकसारखी शिडीची चासी, म्हणजे सांगाडा, वरून कागदावर काही नवल नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच संपतं. या गाड्या टिकतात कारण त्या उशिरा बदलतात. स्क्रीन लहान का, याचंही उत्तर तेच.

आता माझी गोष्ट. 2009 चं मॉडेल, पांढरी, मीटरवर तीन लाखांच्या पुढे. त्या गाडीत टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले भाग एका ठेक्यात फिरवणारा पट्टा, बदलायची वेळ झाली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, टी-बेल्ट असं लिहिलेला. लग्नसराई होती. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, दिवा लागलाय." मी म्हटलं, सीझन होऊ दे. रात्री तो दिवा डोळ्यांत यायचा, म्हणून त्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावली. मी ती बघितली. हात लावून बघितलीसुद्धा, नीट चिकटली होती.

निपाणी सोडून तवंदी घाट चढताना पहाटे तीन वाजता बेल्ट तुटला. आवाज फारसा झाला नाही, इंजिन एकदम गप्प. गाडीत सात माणसं, त्यातल्या आजी तिरुपतीला जायचं म्हणून उपाशी. त्यांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं. इंजिनचं हेड उघडलं तर आत व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर तुटलेले. मेकॅनिकने तळहातावर तुटका तुकडा ठेवून माझ्यापुढे धरला आणि शेजारी त्या पट्टीची गोळी करून ठेवली. एक अक्षर बोलला नाही. मला वडिलांचा खडू आठवला. साठ हजार आणि हंगामातले अकरा दिवस गेले.

लाज वाटली, पण मला सोबत आहे. टोयोटानेही पट्टी लावलेली आहे. 2008 मध्ये ते विक्रीत जगात पहिले झाले आणि 2009-10 मध्ये अमेरिकेत आपोआप वेग वाढण्याच्या तक्रारींवरून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पायाखालचं मॅट पेडलमध्ये अडकायचं, काही पेडल चिकटायची. साकिचीचा पणतू अकिओ टोयोडा फेब्रुवारी 2010 मध्ये अमेरिकी संसदेपुढे बसला आणि आपण फार वेगाने वाढलो असावं, असं त्याने कबूल केलं. ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून 2014 मध्ये 120 कोटी डॉलर भरावे लागले. जानेवारी 2024 मध्ये आणखी एक निघालं: डिझेल इंजिनांच्या प्रमाणपत्राच्या चाचणीत ताकद मोजताना विक्रीच्या गाडीतलं सॉफ्टवेअर न वापरता वेगळं वापरलं होतं. आपल्याकडच्या इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स काही दिवस कारखान्यातून निघणं थांबलं. गाडी चालवायला धोका नाही असं कंपनी म्हणाली, आणि माझी क्रिस्टाही तेव्हा रोज पुण्याला जातच होती. पण ते इंजिन केलं कुणी? टोयोटा इंडस्ट्रीजने. म्हणजे साकिचीची तीच मूळची मागाची कंपनी! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही म्हणालो तर बायको हसेल, पण चुटपुट लागली हे खरं.

तर मी काय सांगतो? वर्षाला पन्नास हजार किलोमीटर पळवणार असाल तर इनोव्हा घ्या. गावातल्या गावात आणि दिवाळीला कोकणात जाणार असाल तर भाच्याचं ऐका, सनरूफ घ्या, पोरं खूश होतील. ग्लान्झा घेऊन 'टोयोटा घेतली' म्हणत असाल तर ती सुझुकीची बलेनो आहे, बोधचिन्ह बदललेली. गाडी चांगलीच आहे, पण मी वर जे सांगितलं ते तिच्याबद्दल नाही. क्रिस्टामध्ये बेल्टच्या जागी चेन आली, त्यामुळे माझ्यासारख्यांची पट्टीची सोय गेली.

जुनी घेत असाल तर मीटर वाचू नका, तो मागे फिरवलेला असू शकतो. ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. ऐंशी हजार चाललेल्या गाडीच्या रबराची खाच गुळगुळीत होत नाही. मग इंजिन सुरू न करता चावी एक घर फिरवा. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागले पाहिजेत. एकेक मोजा. एखादा लागलाच नाही तर नखाने तिथे जरा खरवडून बघा.