आमची वाटचाल : हळू आवाजाच्या तबकड्या

२००९ साली पुण्यात एका जिन्याखालच्या जागेत गाण्यांच्या तबकड्यांचं, म्हणजे एलपींचं, दुकान थाटलं, तेव्हा माल म्हणजे हिंदी सिनेमा, नाट्यगीतं आणि थोड्या गझला. एलपी उजेडात धरायची, ओरखडे बघायचे, भाव सांगायचा. गिऱ्हाईक खूश, आम्हीही.

मग मडगावच्या एका घरातून फोन आला. घरातले आजोबा तारवटी होते, बोटीवरची नोकरी. ते वारले होते आणि घरच्यांना त्यांची पत्र्याची पेटी रिकामी करायची होती. सांतोस, रिओ अशा ब्राझीलच्या बंदरांतून आणलेल्या चाळीसेक एलपी निघाल्या. कव्हरांवर पावसाळ्याची बुरशी. त्यात तीन 'एलेंको'च्या, १९६३ साली अलोइझिओ दे ऑलिव्हेरानं काढलेल्या छोट्या कंपनीच्या. काळे-पांढरे फोटो, मध्येच लाल ठिपके. सेझार व्हिलेलाची ती कव्हरं आता ओळखायला लेबल बघावं लागत नाही. हे सगळं बोसा नोव्हा, ब्राझीलचं हळू आवाजातलं गाणं. तेव्हा मला बोसा नोव्हा म्हणजे अस्त्रुद जिल्बेर्तोचं एक इंग्रजी गाणं, एवढंच माहीत होतं.

नारा लिआंवची १९६४ची पहिली एलपी डिस्टिल्ड पाण्यानं धुतली. दिसायला जवळजवळ नवी. सुई टेकली आणि चुरचुर सुरू! बाई गातात जेमतेम बोलण्याच्या आवाजात. शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदात ही चुरचुर कुठल्या कुठे बुडाली असती. इथे एकेक ओरखडा नाराच्या शेजारी येऊन बसला. रिओतल्या कोपाकाबाना भागातल्या फ्लॅटांत वाढलेलं हे गाणं, शेजारी जागे होऊ नयेत असं गायलेलं. एलिझेट कार्दोसोची १९५८ची एलपी त्याआधीची. ती अजून जुन्या वळणानं, गळा मोकळा सोडून गाते. पण त्यातल्या दोन गाण्यांत जुआंव जिल्बेर्तोची गिटार आहे आणि ती गिटार पुढच्या काळातली आहे. लगेच त्याची १९५९ची एलपी लावावी. त्याचा गळाही आता गिटारीएवढाच हळू झालेला असतो.

त्या दिवसापासून डोळ्यांनी प्रत ठरवणं बंद केलं. विकायची ती तबकडी दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकायची. दिवसाला आठ-दहाच होतात. हिशेब बघणारी माझी बहीण म्हणते, "दादा, धंदा करतोस की रियाज?"

ब्राझीलहून थेट मागवण्यात एकदा चांगलाच फटका बसला. सिल्व्हिया तेलेसची १९५९ची एलपी, सगळी गाणी संगीतकार टॉम जोबिमची. पैसे आगाऊ दिले, आयातशुल्क भरलं, पार्सल फोडलं, तर कव्हर अस्सल आणि आत कार्निव्हलच्या बँडची तबकडी! विक्रेत्यानं फोन उचलणं सोडलं. तेव्हापासून आधी गाण्याच्या सगळ्यात शांत जागेचं रेकॉर्डिंग मागवतो, मगच पैसे.

आता आम्ही तिघं आहोत, धुण्याचं यंत्र आहे, जिन्याखालून वर आलोय. सिल्व्हियाचं ते रिकामं कव्हर काउंटरमागे टांगलंय. ते विकायचं नाही. आतली तबकडी कुणाकडे असेल तर मात्र जरूर कळवा.