सीताफळाचा रविवार

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, रात्री साडेअकरा

दोनदा साबण लावला तरी बोटांच्या भेगांत मीठ चुरचुरतंय. दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत आज आईस्क्रीमचा हाताने फिरवायचा पॉट सात वेळा लागला.

पण आधी कालचं लिहून ठेवते. काल संध्याकाळी वीस लिटर म्हशीचं दूध आटवलं होतं. लाईट जाणार म्हणून घाई झाली आणि दूध पुरतं निवायच्या आत मी सीताफळाचा गर ओतला. गर तापला की कडवट होतो, हे सासवडात शाळेतलं पोरही सांगेल. मलाही ठाऊक होतं. चमचाभर जिभेवर ठेवलं आणि पोटात गोळाच आला. जाऊबाई आणि मी अख्खी दुपार बसून काढलेला गर होता तो. फळ फोडायचं, डोळे सुटे करायचे, एकेक बी बोटांनी सोडवायची. मिक्सर लावता येत नाही, बी फुटली तर सगळंच वाया. चार किलो फळामागे जेमतेम दीड किलो गर हाती लागतो.

मला वाटलं, साखर वाढवून सावरता येईल. अप्पांनी चाखलं आणि म्हणाले, "ओतून टाक सूनबाई. लोक आपल्याकडून पोरांसाठी डबा भरून नेतात." पुढे एक शब्द नाही. हे लगेच गाडी काढून गोठ्यावर गेले, मिळालं तेवढं दूध घेऊन आले. आई साडेबारापर्यंत कढईपाशी उलथनं फिरवत बसल्या. फ्रीजरमध्ये गुरुवारचा गर होता, तो सकाळी गार दुधात घातला.

भाऊजींचं आईस्क्रीमचं मशीन घ्यायचं चाललंय. २२ सप्टेंबरपासून आईस्क्रीमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हापासून त्यांनी हिशेबाची वही खालीच ठेवलेली नाही. मशीन दाखवायला आलेला माणूस दुधाऐवजी वनस्पती फॅटचं तयार मिश्रण वापरा, स्वस्त पडेल, असं सांगत होता. पण मग डब्यावर 'आईस्क्रीम' लिहिता येत नाही, 'फ्रोझन डेझर्ट' लिहावं लागतं. भाऊजींनीच त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मशीन घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. लग्नाच्या ऑर्डरी हातावर निघत नाहीत, अप्पांचे खांदेही दुखतात. पण रविवारी पॉट दारातच फिरला पाहिजे. याबाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही.

आजच दुपारची गोष्ट. जेजुरीहून परतणारं एक कुटुंब थांबलं, सगळ्यांच्या कपाळाला भंडारा. पुतण्या गोणपाटात लादी घालून दांड्याने फोडत होता. त्यांच्यातल्या छोटीने विचारलं, बर्फ निळा का? पुतण्याने छाती काढून सांगितलं, की हा खायचा नाही, नुसता गार करायला; २०१८ पासून आपल्याकडे असा बर्फ निळा रंगवतात. मग एक थर बर्फ, वर खडे मीठ, पुन्हा बर्फ. मिठाने बर्फ वितळतो आणि ते पाणी शून्याच्याही बरंच खाली उतरतं, म्हणून डब्यातलं दूध कडेकडेने धरायला लागतं. छोटीचे वडील हँडलला बसले, मग आजोबा, मग आमची लेक. आधी हँडल गरगर फिरतं. वीसेक मिनिटांनी जड होतं, आवाज खोल जातो, आणि एका क्षणी दोन्ही हात लावले तरी हलत नाही. "लागलं!" लेक ओरडली. रांगेतली अनोळखी माणसंही तिच्याबरोबर ओरडली. मी दारात वाट्या घेऊन उभी होते, डोळे भरून आले.

पहिली वाटी आजोबांना दिली. त्यांनी एक घास जिभेवर बराच वेळ ठेवला आणि म्हणाले, "आमच्या परड्यातलं सीताफळ असंच लागायचं."

झाकण उघडताना एक जपावं लागतं. काठावरचं खारं पाणी टिपलं नाही, तर एक थेंबही सगळा डबा नासवतो. दरवेळी मी लेकीला बजावते. सातव्या पॉटला माझ्या दोन्ही हातांत वाट्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत तिने फडकं पिळलं, काठ सगळीकडून पुसला, पुन्हा एकदा पुसला, आणि मगच झाकण उचललं.

गुरुवारचा गर संपला. उद्या पहाटे पाचला बाजार.