अँजिओ झाली, आता जांघेकडे बघा

आमच्या अमळनेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाची अँजिओग्राफी (नळीने डाय म्हणजे क्ष-किरणांत दिसणारं औषध सोडून हृदयाच्या शिरा पडद्यावर बघणं) ठरली की मला हमखास दोन प्रश्न येतात. खर्च किती येईल, आणि हाताने करायची की पायाने, म्हणजे नळी मनगटातून घालायची की जांघेतून? खर्चाचं मी इंग्लंडात बसून काय सांगणार! हात-पायाचं सांगते. पण नळी घालताना शीरच फाटली तर काय करतात, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी इथे एका सरकारी रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओ करतात त्या खोलीत, नर्स आहे, आणि माझं निम्मं काम या न विचारलेल्या प्रश्नाभोवतीच फिरतं.

मुळात ही सगळी करामत एका भोकावर उभी आहे. सेल्डिंगर नावाच्या स्वीडिश डॉक्टरने १९५३ साली पद्धत मांडली: सुईने धमनीत शिरायचं, सुईतून बारीक तार सारायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत न्यायची. चिरफाड नाही, टाके नाहीत. धुळ्यात असो की इथे, आजही हेच करतात. हृदयापर्यंत जाणारी नेहमीची नळी जेमतेम २ मिलिमीटर जाड. पण धमनीत रक्त जोराने वाहत असतं, आणि नळीवर गुठळी धरू नये म्हणून आम्ही हेपॅरिन देऊन ते पातळही केलेलं असतं. म्हणजे शिरेला भोक पाडायचं, आणि ते सहजी बुजणार नाही अशी तजवीजही आपणच करायची. काम संपल्यावर ते भोक नीट बंद होणं ही खरी परीक्षा, आणि ती बहुतेक वेळा डॉक्टर हातमोजे काढून गेल्यावर सुरू होते.

आता हात की पाय. मनगटातून हृदयाची अँजिओग्राफी करता येते हे कॅनडातल्या लुसियँ कँपो यांनी १९८९ मध्ये दाखवून दिलं, आणि पुढे काही वर्षांतच अ‍ॅमस्टरडॅमच्या किमेनाय यांनी त्याच वाटेने स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवायला सुरुवात केली. मनगटातली धमनी बारीक, पण अगदी कातडीखाली, आणि तिच्या मागे हाड. हवेचा पट्टा आवळला की रक्त थांबतं. पेशंट थोड्या वेळात उठून चहा पितो. जांघेतली धमनी जाड आणि खोल. तिच्यात सुई नेमकी खुब्याच्या हाडासमोर गेली पाहिजे, म्हणजे नंतर दाबायला मागे काहीतरी टणक मिळतं. सुई त्याच्या फार वर लागली तर रक्त पोटाच्या मागच्या बाजूला उतरू शकतं. खाली लागली तर दाबायला आधार नसतो, आणि फुगवटा धरायची भीती. म्हणून इथे जांघेत सुई घालताना सोनोग्राफीवर धमनी बघूनच घालतात.

हाताने होत असेल तर हातानेच करा, हे माझं स्पष्ट मत. पण डॉक्टर पायाने म्हणाले म्हणून लगेच तोंड वाकडं करू नका. काहींच्या मनगटातली शीर फार बारीक असते, तार लागली की आखडते. डायलिसिसवाल्यांचा हात राखून ठेवावा लागतो. नळीतून हृदयाची झडप बसवायची असेल तर लागणारी जाड नळी मनगटात मावतच नाही.

माझ्या पारोळ्याच्या मामांची अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने ब्लॉक उघडणं, पायानेच झाली. झाली उत्तम, घरी आले, लोक भेटून गेले. मग एका संध्याकाळी मामींचा व्हिडिओ कॉल. "बठ्ठं ठीक शे, फक्त जांघमा गाठ उनी शे." मागे चुलीशी वीट तापत ठेवलेली दिसत होती. मामी शेक देणार होत्या, शेजारच्या काकूंनी हळदीचा लेप सुचवला होता.

"मामा, गाठीवर दोन बोटं ठेवा. दाबू नका, नुसती ठेवा. काय लागतंय?"

"उडी राहिनी वं पोरी."

"ठोक्याबरोबर? नाडीसारखी?"

"हां."

"मग वीट ठेवा बाजूला. शेक नको, लेप नको, चोळायचं तर अजिबात नाही. आडवे व्हा आणि आत्ताच गाडी बोलवा. सकाळची वाट बघू नका."

अँजिओनंतर साधी गाठही येते. सांडलेलं रक्त कातडीखाली साकळतं, मांडी निळी-हिरवी होते, एक-दोन आठवड्यांत जिरतं. उडणारी गाठ वेगळी. तिथे धमनीचं भोक बुजलेलंच नसतं. रक्त त्यातून बाहेर येऊन भोवतीच्या मांसात पिशवी करतं आणि दर ठोक्याला आत-बाहेर करत राहतं. याला स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात. वाहतं रक्त रंगात दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत त्या पिशवीत लाल-निळं रक्त गरगरताना दिसतं. २ सेंटीमीटरच्या आतली पिशवी पुष्कळदा आपणहून बुजते, नुसतं लक्ष ठेवतात. मोठी असेल तर सोनोग्राफीच्या प्रोबनेच बराच वेळ दाबून धरतात, किंवा पिशवीत थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं औषध टोचतात. मामांना टोचलं. धुळ्याच्या रेडिओलॉजिस्टने पडद्यावर बघत सुई पिशवीत नेली, औषधाचे काही थेंब सोडले आणि सगळे रंग विझले. मामांना वाटलं, यंत्रच बंद पडलं. ही पिशवी फुटली असती तर थेट ऑपरेशन टेबल होतं.

गाठ निदान दिसते तरी. मला धास्ती वाटते ती न दिसणाऱ्या रक्ताची. पोटाच्या मागच्या पोकळीत लिटरभर रक्त साठेल आणि जांघेवरची पट्टी कोरडी ठणठणीत असेल. पेशंट सांगतो काय, तर कंबर दुखते. आपल्याकडे यावर उत्तर तयारच असतं: पडून पडून अंग आखडलं असेल, जरा उठवून बसवा. मग मळमळ, गार घाम, चेहरा पांढराफटक, नाडी धावायला लागते, बीपी कोसळतं. इथे पायाची अँजिओ झालेला पेशंट पाठ दुखते म्हणाला की नर्स उशी सारखी करायच्या आधी बीपीचं यंत्र ओढते. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने तपासणी असते: बीपी, नाडी, जांघ मऊ आहे का, पावलाची नाडी लागते का, पाय गरम आहे का. शंका आली तर हिमोग्लोबिन, सीटी स्कॅन, रक्ताची सोय. वेळेत कळलं तर बऱ्याचदा हेपॅरिनचा असर उतरवून आणि रक्त देऊन भागतं. नाहीच थांबलं तर दुसऱ्या बाजूच्या धमनीतून फुगा नेऊन आतून भोक दाबून धरतात, लागला तर अस्तर लावलेला स्टेंट बसवतात. चिरफाडीचं ऑपरेशन सगळ्यात शेवटी.

इथल्या सिस्टर फार हुशार म्हणून हे होतं, असं मुळीच नाही. एका सिस्टरकडे खाटा कमी असतात, एवढंच. आपल्याकडच्या वॉर्डात रात्रपाळीला काय हाल असतात ते मी करून आलेय. पण आपल्याकडे एक सोय आहे जी इथे नाही: खाटेखाली सतरंजी टाकून झोपणारा भाचा, जावई, सून. इथे भेटायची वेळ संपली की नातेवाईक घरी जातात. आपला माणूस रात्रभर तिथेच असतो, फक्त बघायचं काय हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तर बाबांनो, ऐका. सांगितलेल्या वेळेपर्यंत पाय सरळ, गुडघा वाकवू द्यायचा नाही. खोकला आला तर जांघेवर तळवा दाबून धरायचा. अधूनमधून पांघरूण बाजूला करून जांघ बघायची आणि मांडीखाली हात फिरवायचा, कारण रक्त खाली गादीत मुरतं. पाठ, कंबर किंवा पोट दुखायला लागलं, घाम फुटला, लघवी कोंडल्यासारखी वाटली तर सिस्टरला उठवायचं. ती चिडली तर चिडू दे. आणि भेटायला आलेल्यांनी "जरा उठून बसा, शेवभाजी आणलीय" हा आग्रह दुसऱ्या दिवसावर ढकलावा.

खुद्द हृदयाची शीर फाटते तेव्हा मात्र नातेवाइकांच्या हातात काही नसतं. हे क्वचित होतं, शंभरात एकाहूनही कमी वेळा, पण होतं. चुना साठून दगड झालेला ब्लॉक, त्यात फुगा फुगवला, तपासायला डाय सोडला, आणि पडद्यावर शिरेच्या कडेबाहेर काळा फवारा उडाला. अशा फाटण्याच्या एलिस यांनी १९९४ मध्ये पायऱ्या ठरवल्या, आणि उघडा फवारा ही त्यातली सगळ्यात वाईट. ठिबकवर केळी लावणाऱ्यांना यातला पहिला उपाय समजावून सांगावा लागणार नाही. नळी फुटली तर तुम्ही आधी कॉक बंद करता, प्लग नंतर शोधता. इथे तोच फुगा पुन्हा फाटलेल्या जागी किंवा किंचित अलीकडे नेऊन फुगवतात. गळती थांबते, पण त्या शिरेवरच्या पुढच्या हृदयाच्या भागाला रक्त मिळत नाही, छाती दुखते. म्हणजे ती उसनी घेतलेली मिनिटंच.

त्या मिनिटांत एक जण इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लावतो. हृदयाभोवतीच्या आवरणात कपभर रक्त भराभर साठलं तरी हृदय दबतं, मग छातीच्या हाडाखालून सुई घालून ते काढायचं. माझं काम कपाटाशी. अस्तराचे स्टेंट आणि ते रक्त काढायचा किट रोज सकाळी, पहिल्या पेशंटच्या आधी, माप आणि तारीख बघून हाताळलेले असतात. ऐनवेळी पाकिटं उलटीपालटी करायला वेळ नसतो. तारेच्या टोकाने दूरच्या बारीक फांदीला भोक पाडलं असेल तर तिथे स्टेंट जात नाही. मग भोक बुजवायला तारेची इवलीशी गुंडाळी, म्हणजे कॉइल, सोडतात, नाहीतर पेशंटच्याच कातडीखालून काढलेली चरबीची कणी. हेपॅरिनचा उतारा म्हणून प्रोटामिन असतं, पण हृदयाच्या शिरेत तारा-नळ्या असताना ते घाईने देत नाहीत, त्यांच्यावरच गुठळी धरायची. (प्रोटामिन माशापासून काढतात. माळकरी वाचकांनी मनाला लावून घेऊ नये.)

मला सगळ्यात नवं वाटलं ते नंतरचं. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांना २०१४ पासून कायद्याचं बंधन आहे: उपचारात पेशंटला ठरावीक पातळीवरची इजा झाली तर ती त्याला समोर बसून सांगायची, दिलगिरी व्यक्त करायची आणि लेखीही द्यायचं. माफी मागितली म्हणजे कोर्टात गुन्हा कबूल केला असं धरत नाहीत. मी पहिल्यांदा त्या खोलीत होते तेव्हा आता आरडाओरडा होणार म्हणून दाराजवळच उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, शीर फाटली, आम्ही अस्तराचा स्टेंट घालून बंद केली, तुम्हाला हे सोसावं लागलं याचं वाईट वाटतं. आजोबांनी विचारलं, मग घरी कधी सोडणार?

आपल्याकडे दवाखान्यांच्या तोडफोडीविरुद्ध २०१० साली महाराष्ट्राला कायदा करावा लागला. काचा फुटतील म्हणून डॉक्टर बोलत नाहीत, आणि बोलत नाहीत म्हणून लोकांना लपवाछपवीचा वास येतो. यात सुरुवात कोणी करायची? माझ्या मते डॉक्टरांनी, आणि तीही संमतीची सही घेतानाच. फॉर्मवर बारीक अक्षरात न ठेवता "शीर फाटू शकते, फाटली तर आम्ही असं-असं करू" हे तोंडाने, मराठीत, अहिराणीत सांगावं. तुम्हीही विचारा. शीर फाटली तर इथेच बंद होईल की नाशिकला न्यावं लागेल? या प्रश्नाचा कोणाला राग यायचं कारण नाही.

घरी सोडल्यावर रक्त यायला लागलं तर उताणं झोपवा, छिद्रावर आणि किंचित वरच्या बाजूला बोटांनी जोर देऊन सलग दहा मिनिटं दाबा, मध्येच उचलून बघू नका, आणि १०८ ला फोन करा. हाताची अँजिओ असेल आणि कोपराखालचा हात टणक होऊन ठणकायला लागला, बोटं बधिर पडली तर तेही तातडीचंच, उद्यावर ढकलायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र गाठ आली, डाग पडला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. नवा स्टेंट त्या गोळ्यांच्या भरवशावर उघडा असतो. काही दिवस मोटरसायकलला किक नको, हंडा नको. आणि जांघेतलं भोक विरघळणाऱ्या प्लगने बंद केलं असेल तर त्याचं एक छोटं कार्ड मिळतं. तो प्लग विरघळायला साधारण ३ महिने लागतात, तोवर त्याच जागी पुन्हा सुई घालायची वेळ आली तर डॉक्टरांना ते कळायला हवं. कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत टाकू नका, पेशंटच्या खिशात ठेवा.