एका डोंगलसाठी एकवीस दिवस

हिंजवडीतील एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत मी २०१३ ते २०२२ अशी नऊ वर्षे काढली. त्यात दोन वर्षे ऑनसाइट, म्हणजे ग्राहक कंपनीच्या ठिकाणी, झाली, एकदा चार महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसलो आणि एका वर्षी काम उत्तम असूनही बेल कर्व्हमध्ये, म्हणजे प्रत्येक श्रेणीत ठरावीकच माणसे ठेवण्याच्या पद्धतीत, बसवण्यासाठी माझे रेटिंग खाली ओढले गेले. त्याचा राग केव्हाच निवला. राजीनामा आणि नव्वद दिवसांचा नोटीस पीरियडही सुरळीत पार पडला. घोडे अडले ते लॅपटॉपला इंटरनेट देणाऱ्या एका डोंगलपाशी.

नोकरी सोडताना आयटी, प्रशासन, वाचनालय, वित्त अशा प्रत्येक विभागाने पोर्टलवर ‘नो ड्यूज’ द्यावे लागते. बाकी सगळ्यांनी ते दिले. आयटीच्या रकान्यात मात्र ‘डेटा कार्ड – प्रलंबित’ असे लाल अक्षरांत आले. ते डोंगल मी २०१८ मध्ये प्रोजेक्ट बदलताना तळघरातील काउंटरवर परत केले होते आणि पावती मागितली नव्हती, हा सर्वस्वी माझा गाढवपणा. मी तिकीट टाकले, म्हणजे पोर्टलवर तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी ते ‘रिझॉल्व्ड’ होऊन बंद झाले, सेवेला किती तारे द्याल असे विचारणारा मेल आला आणि लाल अक्षरे होती तिथेच राहिली. असे तीनदा झाले. मॅनेजरने आयटीकडे बोट दाखवले, आयटीने कंपनीच्या वस्तूंचा हिशेब ठेवणाऱ्या ॲसेट टीमकडे, आणि ॲसेट टीमचा माणूस दुसऱ्या शहरात बसून मला ‘काइंडली रेज अ तिकीट’ एवढेच लिहीत राहिला. सोमवारी नव्या कंपनीत रुजू व्हायचे होते आणि तिथे रिलिव्हिंग लेटर, म्हणजे जुन्या नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र, पहिल्याच दिवशी हवे होते.

शेवटच्या गुरुवारी मी स्वतःच तळघरात उतरलो. काउंटरवरच्या काकांनी एम्प्लॉयी नंबर विचारला, मुकाट्याने खालचा ड्रॉवर ओढला आणि रबर लावलेला डोंगलांचा एक गठ्ठा टेबलावर ओतला. सातवे की आठवे माझे निघाले. पाठीवर पिवळट स्टिकर आणि त्यावर माझ्याच अक्षरातला नंबर. “साहेब, हे सिस्टीममध्ये चढवायचं राहिलंय,” असे ते म्हणाले आणि मिनिटभरात रकाना हिरवा झाला. एकवीस दिवसांत मला हे सुचले नाही, याचीच जास्त चीड आली. त्या दिवशी मात्र मी पावती मागून घेतली.

कंपनीचा मेल शेवटच्या संध्याकाळी बंद होतो. त्यामुळे पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ आधीच उतरवून घ्यावेत, माझ्या दोन स्लिपा राहिल्याच. पाच वर्षे पूर्ण झाली असतील, तर ग्रॅच्युइटी मिळते: माझ्या वेळी शेवटच्या मूळ वेतनाला (महागाई भत्ता असल्यास तो धरून) २६ ने भागून १५ ने आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्यानुसार ती तीस दिवसांत द्यावी लागत असे. माझी लांबत होती, तेव्हा मी मेलमध्ये नेमकी तीच तरतूद लिहिली आणि आठवड्यात रक्कम जमा झाली. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे का, हेही पाहावे. कंपनीने ती भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आधारच्या ओटीपीवर ती आपल्याला भरता येते. माझी मीच भरली.