दोरीने टो मोजला : उजवं पुढचं चाक मार्गावर

उजव्या पुढच्या टायरची आतली कड जास्त झिजते आहे, इथवर मागच्या नोंदीत आलो होतो. या खेपेला दुकानात जाण्याआधी घरीच दोरीने टो मोजला, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं पुढच्या बाजूला किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते. गाडी हॅचबॅक, टायर १८५/६५ आर १५.

आधी हवा. गाडी रात्रभर उभी असताना, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे चारही चाकं भरून घेतली. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरायचा नसतो. तापमान ५-६ अंशांनी बदललं की दाब साधारण १ पीएसआयने हलतो. नागपूरकडच्या मे महिन्यात, त्यात समृद्धीवरून तास-दीड तास धावून आल्यावर, गेज बरंच जास्त दाखवणार. तेव्हा हवा काढू नका. कमी हवेचा टायर जास्त लवतो, म्हणून जास्त तापतो, आणि उन्हाळ्यात टायर फुटण्याचं हे मोठं कारण आहे.

मग झीज हाताने वाचली. तळवा नक्षीवरून आडवा, एकदा आत आणि एकदा बाहेर फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना धार लागली, तर संशय टोवर. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहिली आहे, मधला पट्टा झिजला तर जास्त. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर आणि बॅलन्सिंग बघा. नुसत्या अलाइनमेंटने ते थांबत नाहीत. माझ्या टायरला धार लागत होती.

जॅकवर चाक उचलून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहिलं. टाय रॉड (स्टीअरिंगपासून चाकाला जोडणारा दांडा), बॉल जॉइंट, बेअरिंग, कुठेच प्ले (ढिलेपणा) नाही. प्ले असताना केलेली अलाइनमेंट टिकत नाही, त्यामुळे ही पायरी गाळू नये.

दोरी गवंड्याची, नायलॉनची. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर ताणली. खरी मेहनत दोऱ्या समांतर करण्यात जाते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधली रुंदी सारखी नसते, म्हणून दोरीपासून हबचं (चाकाच्या मध्याचं) अंतर पुढे-मागे वेगळं येईल. पण पुढे डावं-उजवं सारखं आणि मागेही डावं-उजवं सारखं यायलाच हवं. ते जमलं की स्टीअरिंग सरळ बांधून रिमच्या पुढच्या आणि मागच्या काठापासून दोरीचं अंतर घ्यायचं.

उजवं चाक २ मिमी टो-आउट (पुढून बाहेर वळलेलं) निघालं, डावं जवळजवळ सरळ. रिमवरच्या मापाच्या दोन बिंदूंत साधारण ४०० मिमी धरले तर १ मिमी म्हणजे ०.१४ अंश. आतली कड का जात होती ते इथेच कळलं. लॉकनट सैल करून टाय रॉड थोडा थोडा फिरवला. प्रत्येक वेळी गाडी पुढे-मागे ढकलून सस्पेन्शन बसू दिलं आणि मगच पुन्हा माप घेतलं. हे न करता घेतलेलं माप खोटं येतं.

मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई) आहे, तिथे फिरवायला काही नाही. माप घेतलं, दोन्ही बाजू सारख्या आहेत.

कॅम्बरला, म्हणजे समोरून पाहताना चाक वरून किती आत-बाहेर कललं आहे त्याला, मी हात लावलेला नाही. काही दुकानांत हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट (शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा खांब) वाकवतात आणि त्याला ‘कॅम्बर काढणं’ म्हणतात. माझ्या गाडीला हे मी कधीच करू देणार नाही. कॅम्बर खरोखर बाहेर असेल तर वाकलेला भाग बदलावा, नाहीतर एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून चाकाचा कल बदलता येतो असा) घालावा.

चाचणी घेताना एक ध्यानात ठेवा. पाणी वाहून जावं म्हणून आपल्याकडे रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये गाडी किंचित डावीकडे जाणारच. सपाट जागा शोधा. तरीही ओढत असेल तर पुढचे टायर आपसांत बदला (एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे नसतील तर). ओढ बाजू बदलते का ते बघा. बदलली तर दोष टायरमध्ये आहे.

आता लेझर मशीनवर फक्त माप काढून आणणार आहे. त्याचा प्रिंटआउट मागून घेईन आणि दोरीच्या आकड्यांशेजारी इथे देईन.