निळा रंग थांबेना

सोन्याच्या एका बंद पडलेल्या खाणीजवळच्या तळ्याचं पाणी आमच्या प्रयोगशाळेत आलं होतं आणि त्यात नॉस्टॉक, म्हणजे प्रकाशावर जगणारे हिरवट जीवाणू असलेल्या सायनोबॅक्टेरियांची एक जात, काही केल्या तग धरत नव्हती. हिरवीगार वाढ सोडावी, तर थोड्याच दिवसांत फ्लास्क पिवळट दिसायचा. आर्सेनिकचा संशय घ्यायला फार डोकं लागत नाही. सोन्याच्या खनिजाबरोबर अनेकदा आर्सेनोपायराइट हे आर्सेनिक असलेलं खनिज निघतं. ते उकरून उघड्यावर टाकलं की हवापाण्याने त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि आर्सेनिक वर्षानुवर्षं पाझरत राहतं. मला छळत होता तो दुसराच प्रश्न. हीच नॉस्टॉक बीजी-11 या आमच्या नेहमीच्या माध्यमात तळ्यातल्या मात्रेच्या शेकडो पट आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचं ऑक्सिजनशी जोडलेलं रूप, पचवते. मग इथे एवढ्याशा मात्रेने का मरावी?

उत्तर फॉस्फेटमध्ये असावं, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. आर्सेनेट आणि फॉस्फेट यांची घडण इतकी सारखी की फॉस्फेट आत घेणाऱ्या प्रथिनांच्या वाटेनेच आर्सेनेट पेशीत शिरतं. पेशीचं ऊर्जेचं चलन असलेलं एटीपी तयार होताना ते फॉस्फेटच्या जागी बसतं, पण तो बंध टिकत नाही, लगेच तुटतो आणि पेशीची मेहनत वाया जाते. बीजी-11 मध्ये लिटरला 40 मिलिग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट असतं. एवढ्या गर्दीत आर्सेनेटला आत शिरायला वाव कमीच. तळ्यात फॉस्फेट कमी असेल, तर सगळं जुळत होतं. पण पाण्यासोबत आलेला अहवाल सांगत होता की फॉस्फेट भरपूर आहे.

म्हणून आम्ही ते पुन्हा मोजायला घेतलं. पद्धत जुनीच, मॉलिब्डेनम ब्लू. आम्लात मॉलिब्डेट आणि अस्कॉर्बिक आम्ल घालायचं, निळा रंग आला की तो किती गडद आहे ते फोटोमीटरवर 880 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात वाचायचं. दहा-पंधरा मिनिटांत रंग स्थिरावतो. त्या दिवशी माझी विद्यार्थिनी फोटोमीटरपाशी बराच वेळ उभी दिसली.

“मॅडम, रीडिंग थांबतच नाहीये. चढतंय अजून.”

क्युव्हेट, म्हणजे नमुना ठेवायची पारदर्शक कुपी, बदलून पाहिली, ब्लँक, म्हणजे नमुन्याविना घेतलेलं तुलनेचं रीडिंग, पुन्हा घेतला. फरक नाही. तासाभराने तीच नळी आणखी गडद झालेली. ती हातात धरून उभी होते आणि एकदम लक्षात आलं की हा रंग फॉस्फेटचा नाहीच. आर्सेनेटही मॉलिब्डेटशी तसाच निळा रंग देतं, फक्त सावकाश. तिला म्हटलं, दुसऱ्या नळीत आधी थायोसल्फेट घाल. आम्लात थायोसल्फेट आर्सेनेटचं आर्सेनाइट, म्हणजे कमी ऑक्सिजनचं रूप, करतं आणि आर्सेनाइटला हा रंग येत नाही. उरेल तो खऱ्या फॉस्फेटचा.

दुसरी नळी जवळजवळ रंगहीन राहिली. अहवालातलं ‘भरपूर फॉस्फेट’ बहुतेक सगळं आर्सेनिक होतं! एकाच सोंगाला पेशी फसते आणि आपलं यंत्रही फसतं, हे समोर पाहताना अंगावर काटा आला. मग त्याच पाण्यात चिमूटभर फॉस्फेट घालून नॉस्टॉक वाढवली. ती हिरवी राहिली. आर्सेनिक तेवढंच, फक्त फॉस्फेट वाढलेलं. फॉस्फेटला भुकेलेली पेशी ते ओढून घेणारी प्रथिनं वाढवते आणि त्याच भुकेपोटी विषही जास्त घेते.

सायनोबॅक्टेरिया निमूट मरत मात्र नाहीत. सिनेकोसिस्टिस या दुसऱ्या सायनोबॅक्टेरियामध्ये यासाठी जनुकांचा एक गटच आहे. त्यातलं एक प्रथिन आर्सेनेटचं आर्सेनाइट करतं, दुसरं ते पेशीबाहेर फेकतं. काही जातींत आर्सेनिकला मिथाइल गट जोडणारं विकरही असतं. यावरून ‘हे जीवाणू पाणी शुद्ध करतील’ असं कुणी म्हणालं की मला बेचैन व्हायला होतं. बाहेर फेकलेलं आर्सेनाइट त्याच पाण्यात जातं आणि ते बहुतेक सजीवांना आर्सेनेटहून घातक असतं. थोडंफार पेशीत साठतं, तेही पेशी मेल्यावर पाण्यात किंवा गाळातच जातं.

कॅनडात यलोनाइफजवळच्या जायंट माइनमध्ये 1948 ते 2004 सोनं काढलं गेलं. तिथे 2,37,000 टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे सोमल, जमिनीखाली साठवलेलं आहे, आणि भट्ट्यांच्या धुरातून उडालेलं आर्सेनिक आसपासच्या तळ्यांच्या गाळात आजही सापडतं. अशा तळ्यात सांडपाणी मिसळलं तर काय होईल, याची मला खरी धास्ती वाटते. फॉस्फेट आलं की आर्सेनिकचा सायनोबॅक्टेरियावरचा वचक ढिला पडेल. पाणी हिरवं होईल आणि विष जागच्या जागी राहील.

आम्ही सुधारलेला अहवाल पाठवला. त्यात फॉस्फेटचे दोन्ही आकडे दिले, थायोसल्फेटशिवायचा आणि थायोसल्फेट घालून आलेला, आणि शेजारच्या रकान्यात एकूण आर्सेनिक. त्या खाणीच्या परिसरातल्या इतर तळ्यांचं पाणीही याच पद्धतीने पुन्हा तपासावं, अशी मागणी सोबतच्या पत्रात केली आहे.